तीन फुटांचा समुद्र आणि त्यातले शेजारी

कोकणातल्या घरांत मासा म्हटला की आधी तवा आठवतो. बांगडा ताजा आहे की बर्फातला, पापलेटचा कल्ला कसा पाहायचा, सुरमईची कोणती तुकडी कालवणाला आणि कोणती तळायला, हे आपल्या अम्मी-नानींना कुणी शिकवावे लागत नाही. पण तोच मासा जिवंत, काचेच्या टाकीत, बैठकीच्या खोलीत ठेवायचा म्हटला की सगळे ज्ञान दुकानदाराच्या तोंडून येते. दुकानदाराचे काम मासा विकणे हे असते. विकलेला मासा घरी नांदतो की नाही, हे पाहायला तो येत नाही.

गोड्या पाण्यातले गप्पी, मोली, गोल्डफिश अनेक घरांत असतात. समुद्री माशांची हौस त्यामानाने नवी. २००३ साली ‘फाइंडिंग निमो’ हा चित्रपट आला आणि केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउनफिश मुलांना नावाने माहीत झाला. ईदी जमवून ‘निमो आणायचा’ असा हट्ट धरणारी मुले आता आपल्याही घरांत आहेत. हट्ट पुरवायला हरकत नाही, पण तो डोळे उघडे ठेवून पुरवला पाहिजे. म्हणून या महिन्यात आम्ही एकच प्रश्न घेतला आहे: साधारण तीन फुटांच्या समुद्री टाकीत कोणते मासे एकमेकांबरोबर सुखाने राहतील?

उत्तर आधीच सांगतो. चार मासे, फार तर पाच. आणि त्यांची निवड रंग पाहून नव्हे, स्वभाव पाहून करायची.

भांडण का होते?

प्रवाळाच्या खडकात राहणारे बहुतेक छोटे मासे जागेचे मालक असतात. एखादी कपार, एखादा दगड, वीतभर वाळू ही त्यांची मिळकत. दुसरा मासा आत शिरला की ते त्याला हाकलतात. समुद्रात हाकललेला मासा दहा हात दूर जातो आणि भांडण मिटते. टाकीत दहा हात कुठून आणणार? पळणारा मासा काचेवर आपटतो, पुन्हा त्याच मालकासमोर येतो, पुन्हा मार खातो. मग तो फिल्टरच्या मागे किंवा पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात दबून बसतो. खाणे सोडतो. पर फाटतात, अंगावर पांढरे ठिपके येतात आणि एके दिवशी तो तळाशी पडलेला दिसतो. घरातले म्हणतात, ‘आजार आला.’ आजार खरा असतो, पण त्याला दार उघडून देणारा बहुधा शेजारी असतो.

मरीन ड्राइव्हवरचे १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय ज्यांनी लहानपणी पाहिले, त्यांच्या मनात मोठमोठ्या टाक्यांचे चित्र असते. तिथे हजारो लिटर पाणी आणि देखभालीला माणसे होती. आपली तीन फुटांची टाकी म्हणजे ९० सेंटिमीटर लांब, ३५ रुंद आणि ४० उंच. हिशेबाने १२६ लिटर, पण वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी १०० लिटरच्या आसपासच उरते.

पाणी आधी, मासा नंतर

पाण्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण पाणी बिघडले तर उत्तम स्वभावाचा मासाही जगत नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे १०० लिटरला साडेतीन ते चार किलो मीठ, आणि तेही मत्स्यालयासाठी तयार केलेले. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. ते आरओच्या पाण्यात विरघळवायचे. आपल्या गावचा समुद्र दाराशी आहे म्हणून कळशी भरून आणण्याचा मोह होतो. पण किनाऱ्याजवळच्या पाण्यात बोटींचे तेल आणि नाल्याचे पाणी मिसळलेले असते, आणि पावसाळ्यात नद्यांच्या पुरामुळे त्याचा खारेपणाही उतरतो.

पाण्याची सापेक्ष घनता १.०२३ ते १.०२६, तापमान २४ ते २७ अंश आणि पीएच ८.१ ते ८.४ असावे. मे महिन्यात आपल्याकडे खोलीच ३० अंशांच्या वर जाते, त्यामुळे पाण्यावर वारा सोडणारा छोटा पंखा लागतो. वाफ होऊन कमी झालेल्या पाण्याच्या जागी साधे आरओचे पाणी घालावे, खारे नव्हे. वाफेत पाणी उडते, मीठ टाकीतच राहते.

दगड आणि वाळू घालून, फिल्टर सुरू करून टाकी चार ते सहा आठवडे माशांविना चालू ठेवायची. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो. त्याचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर आणि वाळूत वाढायला इतका वेळ लागतो. या काळात त्यांना खाद्य म्हणून थोडे माशांचे अन्न किंवा कोळंबीचा तुकडा टाकतात. तपासणीच्या संचात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत एकही मासा आणू नये.

दुकानात विचारायचे पाच प्रश्न

दुकानातला मासा बहुधा पिल्लू असतो. म्हणून प्रत्येक माशाविषयी पाच गोष्टी विचाराव्यात.

एक, हा पूर्ण वाढला की केवढा होतो? १० सेंटिमीटरच्या वर जाणारा मासा आपल्या टाकीचा नव्हे.

दोन, याच्या तोंडात काय मावते? समुद्रात साधा नियम आहे. जे तोंडात मावते ते खाद्य.

तीन, हा कुठे राहतो? वाळूवर, कपारीत की मोकळ्या पाण्यात? सगळे कपारीतलेच घेतले तर एका कपारीचे चार मालक होतात. वेगवेगळ्या मजल्यांवरचे घेतले तर कुणी कुणाच्या वाटेला जात नाही.

चार, याच्यासारखा दिसणारा दुसरा मासा टाकीत आहे का? समुद्री मासे सर्वांत जास्त चिडतात ते आपल्याच आकाराच्या आणि रंगाच्या माशावर, कारण त्यांच्या लेखी तो जागेचा आणि जोडीदाराचा हक्क सांगायला आलेला असतो.

पाच, हा काय खातो, आणि आत्ता माझ्यासमोर खाऊन दाखवतो का? जो दुकानात खात नाही तो घरी खाईल या आशेवर त्याला विकत घेऊ नये.

नांदणारे मासे

क्लाउनफिशपासून सुरुवात करू, कारण मुलांची मागणी तीच. ऑसेलॅरिस जातीचा क्लाउनफिश साधारण आठ सेंटिमीटर वाढतो, कोरडे दाणेही खातो आणि नीट सांभाळला तर दहा वर्षांहून अधिक जगतो. या माशांची एक अजब रीत आहे. सगळे नर म्हणून जन्मतात. गटातला सर्वांत मोठा आणि दमदार मासा पुढे मादी होतो आणि त्याच्या खालोखालचा त्याचा नर होतो. म्हणून दोन लहान पिल्ले घ्यावीत, त्यातले एक किंचित मोठे. त्यांची जोडी आपोआप जमते. पूर्ण वाढलेल्या दोन माद्या एकत्र टाकल्या तर एक दुसरीला मारते. तीन घेतले तर जोडी जमल्यावर तिसऱ्याचे हाल होतात. मरून क्लाउनफिश नावाचा गडद लाल भाऊबंद १५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि फार तापट असतो. तो टाळावा. समुद्रात क्लाउनफिश सी ॲनिमोनच्या दंश करणाऱ्या हातांमध्ये राहतो, पण घरी त्याला ॲनिमोनची गरज नसते. ॲनिमोन मात्र नव्या टाकीत सहसा जगत नाही, आणि मेला की सगळे पाणी नासवतो.

दुसरा, वॉचमन गोबी. पिवळा, दहा सेंटिमीटरचा, वाळूवर बसणारा. याची दोस्ती पिस्टल कोळंबीशी असते. कोळंबीला फारसे दिसत नाही. ती दिवसभर बीळ खणते आणि आपली एक मिशी गोबीच्या अंगाला लावून ठेवते. गोबी दाराशी पहारा देतो. धोका दिसला की शेपटी हलवतो आणि दोघेही आत. मुलांना तासन्‌तास बसवून ठेवील असे हे दृश्य आहे. रात्री टाकीतून ‘टक्’ असा आवाज आला तर घाबरू नये, कोळंबी आपला नांगा वाजवते. तिच्यासाठी दोन इंच वाळू हवी. मोठे दगड मात्र वाळूवर नव्हे, थेट तळाच्या काचेवर टेकवावेत. नाहीतर खोदकामाने दगड घसरून मासाच खाली चिरडतो.

तिसरा, फायरफिश. पांढऱ्या अंगाचा, मागे लाल होत गेलेला, डोक्यावर लांब काडीसारखा पर. आठ सेंटिमीटरचा हा मासा अत्यंत भिडस्त. बिळाच्या वर पाण्यात तरंगत राहतो आणि जरा कुणी अंगावर आले की आत जातो. बीळ सापडले नाही तर घाबरून टाकीबाहेर उडी मारतो. ज्यांच्या टाकीला जाळीचे झाकण नाही त्यांनी हा घेऊच नये.

चौथा, रॉयल ग्रामा. कॅरिबियन समुद्रातला, पुढे जांभळा, मागे पिवळा. कपारीत राहतो, आपली कपार सोडून फारसा त्रास देत नाही. एकच घ्यावा. याच रंगांचा दुसरा एक मासा दुकानात असतो, दोनरंगी डॉटीबॅक. तो स्वस्त आणि भांडखोर. ओळखायची खूण सोपी आहे. ग्रामाचा जांभळा रंग ठिपक्याठिपक्यांनी पिवळ्यात मिसळत जातो आणि पाठीच्या परावर काळा डाग असतो. डॉटीबॅकचे दोन रंग सुरीने कापल्यासारखे वेगळे असतात. जांभळाच मासा हवा आणि ग्रामा मिळत नसेल, तर लाल समुद्रातला ऑर्किड डॉटीबॅक हा त्या कुळातला त्यामानाने शांत मासा आहे. मात्र ग्रामा आणि तो दोन्ही एकत्र नकोत.

पाचवा, हवा असल्यास, टेलस्पॉट ब्लेनी. सहा सेंटिमीटरचा, दगडावर बसून डोळे फिरवणारा, शेवाळ खरडणारा. टाकी महिना-दोन महिने जुनी होऊन दगडांवर शेवाळ धरल्यावरच आणावा.

क्लाउनफिशची जोडी, एक गोबी, एक फायरफिश आणि ग्रामा किंवा ब्लेनी यांपैकी एक. झाले पाच. यांच्या सोबतीला दोन-तीन गोगलगायी आणि एक क्लीनर कोळंबी पुरे.

मोहात पाडणारे मासे

‘डोरी’ म्हणून मुले ओळखतात तो निळा टँग दुकानात दोन इंचांचा असतो. वाढला की फूटभर होतो आणि त्याला दिवसभर लांब पल्ले पोहायला लागतात. तीन फुटांची टाकी त्याच्यासाठी कोठडी आहे.

मँडरिन मासा रेशमी नक्षी केल्यासारखा देखणा, स्वभावानेही शांत. पण तो दगडांवरचे अतिसूक्ष्म जीव टिपून जगतो. छोट्या टाकीत ते काही आठवड्यांत संपतात आणि मासा सर्वांच्या डोळ्यांसमोर उपाशी मरतो. दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खाणारा क्लीनर रॅस आणि प्रवाळाचे जीव खाणारे कित्येक फुलपाखरू मासे यांचीही तीच गत. कुणाशीही न भांडणारा मासासुद्धा आपल्या टाकीत बसेलच असे नाही, ते यासाठी.

लायनफिशच्या काट्यांत विष असते आणि तोंडात मावेल तो मासा तो गिळतो. लहान मुलांच्या घरात त्याचे काम नाही.

राहिले डॅम्सेल. तीन पट्ट्यांचा, डॉमिनो, निळा असे हे मासे स्वस्त आणि चिवट. ‘टाकी तयार व्हायला आधी हे टाका’ असा सल्ला अजूनही दिला जातो. आमच्या ओळखीच्या एका घरी या सल्ल्यावरून तीन पट्ट्यांचे तीन डॅम्सेल आणले. महिन्याभरात त्यातल्या एकाने बाकी दोघांना संपवले. मग आलेल्या क्लाउनफिशच्या पिल्लांना त्याने दोन दिवस खाऊ दिले नाही. त्याला पकडायचे तर तो दगडात लपे. शेवटी सगळे दगड बाहेर काढून, निम्मे पाणी उपसून त्याला धरावे लागले आणि दुकानात परत द्यावा लागला. तोवर पिल्लांतले एक गेले होते. त्या घरच्या मुलीने पुढचे दोन महिने टाकीकडे पाहिले नाही. डॅम्सेलचा यात दोष नव्हता. समुद्रात जे करून तो जगला असता तेच त्याने टाकीत केले.

आणण्याचा क्रम

तेच मासे, पण क्रम चुकला तरी भांडण होते. जो आधी येतो तो मालक होतो. म्हणून भिडस्त आधी, दांडगा शेवटी. पहिल्यांदा फायरफिश आणि गोबी. ते स्थिरावून खाऊ लागले की ग्रामा किंवा ब्लेनी. सर्वांत शेवटी क्लाउनफिशची जोडी. दोन खेपांच्या मध्ये किमान तीन-चार आठवडे जाऊ द्यावेत, म्हणजे जिवाणूंनाही वाढलेला भार पेलता येतो. मुलांना निमो शेवटी येणार हे आधीच सांगून ठेवावे. तेवढा सब्र या शौकात शिकायला मिळतो.

प्रत्येक नवा मासा आधी चार आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवावा. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग मुख्य टाकीत शिरला तर सगळ्यांना घेरतो, आणि त्यावरचे तांब्याचे औषध मुख्य टाकीत घालता येत नाही, कारण त्याने कोळंबी आणि गोगलगायी मरतात.

नवा मासा सोडताना दोन-तीन दगडांची जागा बदलावी. जुन्यांची हद्द मोडते आणि सगळेच नव्याने जागा शोधू लागतात. दिवे बंद ठेवून संध्याकाळी सोडावा. तरीही एखादा पाठलाग करीतच राहिला तर पाठलाग करणाऱ्याला भोकांच्या प्लास्टिकच्या डब्यात घालून तो डबा चार-पाच दिवस टाकीतच अडकवावा. पहिल्या दिवशीची थोडी ढकलाढकली चालायचीच. पण फाटलेला पर दिसला किंवा मासा दोन दिवस उपाशी राहिला, तर वाट पाहू नये.

वीज जाणाऱ्या गावांत बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असलाच पाहिजे. पाणी हलायचे थांबले की काही तासांतच मासे गुदमरू लागतात.

मासा येतो कुठून?

गोड्या पाण्यातले शोभेचे मासे बहुतेक पैदास केंद्रांत वाढलेले असतात. समुद्री मासे मात्र अजूनही बहुतांश थेट प्रवाळातून पकडून आणतात. फिलिपिन्समध्ये १९६०च्या दशकापासून आणि पुढे इंडोनेशियातही मासे गुंगवण्यासाठी कपारींत सायनाइड फवारण्याची वाईट पद्धत पसरली. त्यात प्रवाळ मरते आणि वाचलेला मासाही पुष्कळदा काही आठवड्यांनी मरतो. इंडोनेशियाच्या बांगाई बेटांजवळचा काळ्या-रुपेरी पट्ट्यांचा बांगाई कार्डिनल, ज्याचा नर अंडी तोंडात सांभाळतो, या हौशीपायीच २००७ साली संकटग्रस्त यादीत गेला.

म्हणून ‘हा पैदास केलेला आहे का?’ हे दुकानात जरूर विचारावे. असा मासा दाणे खायला शिकलेला असतो आणि टाकीत लवकर रुळतो. आपल्या देशात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे, आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही त्यांची पैदास होते. किनाऱ्यावरच्या आपल्या भगिनींना यात घरबसल्या जोडधंद्याची वाटही आहे.

कायद्याचेही भान असावे. समुद्री घोडे आणि दगडी प्रवाळ यांना २००१ पासून १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे छत्र आहे. दुकानात कुणी दाखवले तरी ते घेऊ नयेत. दगड म्हणून कोरडे सच्छिद्र दगड किंवा सिरॅमिकचे तुकडे वापरावेत.

टाकी रिकामी वाटेल

पाच मासे आणल्यावर तिसऱ्या महिन्यात घरातले कुणीतरी हमखास म्हणते, ‘अजून एखादा आणू या, टाकी रिकामी वाटते.’ पाहुणे म्हणतात, दुकानदार म्हणतो, मुले तर म्हणतातच. इथे घरातल्या मोठ्यांनी नाही म्हणावे. आपल्याला रिकामे दिसते ते पाणी माशांना पळायला, लपायला आणि श्वास घ्यायला लागते. मुका जीव ताब्यात घेतला की त्याच्या दाणापाण्याचा जाब आपल्याकडे येतो, हे आपल्या घरांत मुलांना मांजर आणि कोंबड्यांवरून शिकवतातच. माशाच्या बाबतीत त्यात जागाही आली, कारण त्याचा समुद्र आपण तीन फुटांचा केला आहे.

एवढा खर्च, आठवड्याला दहा टक्के पाणी बदलण्याचे काम आणि दहा वर्षांची जबाबदारी झेपणार नसेल, तर गप्पींची गोडी टाकी मुलांना तितकाच आनंद देते. गावी सुट्टीला गेल्यावर मासे कोण पाहणार, हेही घेण्याआधीच ठरवावे.

पुढील अंकात आपण मासा आजारी पडला हे पहिल्याच दिवशी कसे ओळखायचे ते पाहू. तोवर ज्यांच्याकडे टाकी आहे त्यांनी रोज खाणे घालताना पाच मिनिटे समोर बसून फक्त एवढे पाहावे: सगळे खायला येतात की कुणी एक मागे राहतो?